थॅलियम चाचणी काय सांगते?

बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल येतो आणि तरीही जिना चढताना छातीत दाटून येतं. असं का होतं? विश्रांतीत हृदयाला रक्त कमी लागतं. अरुंद झालेली रक्तवाहिनीही तेवढं पुरवू शकते. श्रम वाढले की तूट उघडी पडते, आणि तीच ‘स्ट्रेस थॅलियम’मध्ये दिसते.

नाव थॅलियमचं असलं, तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-99एम वापरतात. ट्रेडमिलवर ठोके पुरेसे वाढले की हा किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात. जिथे रक्त नीट पोहोचतं तिथला स्नायू तो जास्त शोषतो आणि गॅमा कॅमेरा ते टिपतो. विश्रांतीतही अशीच चित्रं काढतात. श्रमात फिका पण विश्रांतीत भरलेला दिसणारा भाग जिवंत असतो, त्याला फक्त रक्त अपुरं पडतं. दोन्ही चित्रांत फिका राहणारा भाग बहुधा जुन्या झटक्याचा व्रण असतो. पुढचे उपचार ठरवताना हा फरक फार मोलाचा ठरतो.

गुडघे साथ देत नसतील, तर चालण्याऐवजी रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध देतात. टेक्नेशियमचा किरणोत्सार दर 6 तासांनी निम्मा होतो. तरीही गर्भवती आणि स्तनदा मातांनी आधी सांगायलाच हवं. तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या सारख्याच अरुंद असतील, तर मात्र ही चाचणी फसू शकते.

चाचणीच्या आदल्या दिवसापासून चहा-कॉफी टाळा. चालू गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि बसल्या बसल्या छातीत दुखू लागलं, तर चाचणीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.