शेवटी कोण येणार?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



वेतन, भाववाढ, शिक्षण, आरोग्य या प्रश्नांवर आपल्या अभ्यासवर्गांत पुष्कळ चर्चा होते. परंतु समाजात मोकळ्या वेळेचे वाटप कसे झाले आहे, स्वतःचे शरीर बळकट करण्याची संधी कोणाला मिळते आणि कोणाला नाकारली जाते, हे प्रश्न आपण गौण मानतो. वस्तुतः चाळिशीतील एक सामान्य स्त्री भल्या पहाटे घराबाहेर पडून निर्धास्तपणे पोहायला जाऊ शकते की नाही, एवढ्या एका गोष्टीवरून त्या समाजातील श्रमविभागणी, सार्वजनिक सोयी आणि रूढींची पकड या तिन्हींचा अंदाज येऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेतील स्त्रियांनी ट्रायथलॉन या खेळात सामूहिक शिक्षणाचा जो मार्ग काढला, त्याचा विचार आज करावयाचा आहे.

ट्रायथलॉन म्हणजे एकाच दिवशी, मध्ये न थांबता, प्रथम पोहणे, मग सायकल चालवणे आणि अखेर धावणे. या नावाची आधुनिक काळातील पहिली स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे झाली. पुढे १९७८ मध्ये हवाई बेटांवर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२ किलोमीटर धावणे अशी 'आयर्नमन' नावाची अचाट शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पुरी केली. ते सर्व पुरुष होते. दुसऱ्या वर्षी लिन लेमेअर ही एकटी स्त्री उतरली आणि एकूण स्पर्धकांत पाचवी आली. नावातच लोखंडी पुरुष असलेल्या शर्यतीला एका वर्षात मिळालेले हे उत्तर होते.

तथापि अपवादात्मक स्त्रीच्या पराक्रमाने सर्वसामान्य स्त्रीची वाट मोकळी होते, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये याच शर्यतीत जूली मॉस ही तरुणी आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून गेली आणि मॉस अखेरचे काही फूट अक्षरशः रांगत जाऊन दुसरी आली. दूरदर्शनवर हे दृश्य लक्षावधी लोकांनी पाहिले आणि या खेळाची कीर्ती झाली. पण त्या दृश्याने जो आदर्श मनांवर ठसला तो असा, की हा खेळ असामान्य माणसांचा आहे आणि त्याची किंमत देह झिजवूनच द्यावी लागते. दोन मुलांची आई असलेल्या, कचेरीत आठ तास काम करणाऱ्या स्त्रीने ते पाहून कौतुक केले असेल. परंतु 'हे माझ्यासाठी आहे' असे तिला वाटण्याचे कारण नव्हते.

असे न वाटण्यामागे इतिहासही होता. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर धावण्याची शर्यत झाली. ती संपल्यावर काही स्पर्धक थकलेल्या दिसल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी अतिरंजित वर्णने छापली आणि ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून वगळली गेली. थकणे हा पुरुषाच्या बाबतीत शौर्याचा पुरावा आणि स्त्रीच्या बाबतीत दुर्बलतेचा, असा हा न्याय होता. बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७२ साली. त्याच वर्षी सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा 'टायटल नाइन' हा कायदा अमेरिकेत झाला आणि शाळा-महाविद्यालयांतील मुलींना क्रीडांगण खुले होऊ लागले. पण कायदा मागे जाऊन कोणाचे बालपण बदलू शकत नाही. १९७२ पूर्वी ज्यांचे शिक्षण संपले, अशा लक्षावधी स्त्रिया आयुष्यात एकदाही कोणत्या संघात खेळल्या नव्हत्या.

या पार्श्वभूमीवर १९९० साली खास स्त्रियांसाठी एक स्पर्धामालिका अमेरिकेत सुरू झाली. डॅन्स्किन ही स्त्रियांचे नृत्याचे व व्यायामाचे कपडे बनवणारी कंपनी तिची प्रायोजक होती. अंतरे बेताची ठेवली होती: पोहणे पाऊण-एक किलोमीटर, सायकल वीस किलोमीटरच्या आसपास आणि धावणे पाच किलोमीटर. आयर्नमनच्या तुलनेत ही अंतरे नगण्य वाटतील. पण जिने वीस वर्षांत सायकलला हात लावलेला नाही, तिच्या दृष्टीने ती नगण्य नाहीत. अशा स्पर्धांच्या आधी दहा-बारा आठवडे गावोगावी स्त्रियांचे शिक्षणगट चालू लागले. या चळवळीचे मर्म स्पर्धेच्या दिवसात नव्हे, तर या दहा-बारा आठवड्यांत आहे.

या गटांत काय घडते? साधारणतः आठवड्यातून दोनदा पोहणे, दोनदा सायकल, दोनदा धावणे आणि एक दिवस सक्तीची विश्रांती, असा क्रम असतो. बहुतेकींना भीती असते ती पाण्याची. शिक्षिका पहिल्या दिवशी हात मारायला शिकवीत नाही. ती पाण्यात तोंड घालून श्वास बाहेर सोडायला शिकवते. घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो, शरीरात कर्बवायू साचतो, त्यामुळे गुदमरल्यासारखे होते आणि भीती आणखी वाढते. हे चक्र श्वास सोडण्यानेच तुटते. तलावाच्या तळाशी आखलेल्या रेषेच्या आधाराने पोहणे जमू लागले, की सरोवरात किंवा समुद्रात सराव. तेथे रेषा नसते, तळ दिसत नाही, पाणी थंड असते. दर काही हातांनी डोके वर काढून समोरची खूण पाहायची, दम लागला तर उताणे तरंगायचे आणि मदतीसाठी हात वर करण्यात कमीपणा मानायचा नाही, हे तेथे शिकवले जाते.

ही काळजी अनाठायी नाही. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉनमधील मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या एकूण १३५ घटनांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९० घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या, आणि बळी पडलेल्यांत सुमारे ८५ टक्के पुरुष होते. स्पर्धकांची संख्या लक्षात घेता हा धोका अल्प आहे. परंतु पूर्वतयारी, वैद्यकीय तपासणी आणि पाण्यातील मदत या गोष्टींना पर्याय नाही, हेही त्यातून स्पष्ट होते. डॅन्स्किन स्पर्धांत घाबरणाऱ्या स्त्रीच्या शेजारून तरंगता आधार घेऊन पोहणाऱ्या स्वयंसेविका असत. अशा ठिकाणी आधार देणे ही दया नसून चांगल्या व्यवस्थेचा भाग आहे.

सायकलीच्या बाबतीत गटाचा एक अलिखित नियम असतो: कोणालाही मागे सोडून जायचे नाही. चढावर पुढे गेलेल्या वर थांबतात. पंक्चर स्वतः काढणे, चढ येण्याआधी गिअर बदलणे, वळणावर ब्रेक केव्हा सोडायचा, हे सारे हाताने करून शिकायचे असते. जिच्या घरी सायकलीची किल्लीपान्ह्याची कामे नेहमी नवऱ्याने किंवा भावाने केली, तिने स्वतः टायर उतरवून ट्यूब बदलणे ही क्षुल्लक घटना नाही. सायकलीवरून उतरून लगेच धावण्याच्या सरावाला 'ब्रिक', म्हणजे वीट, असे म्हणतात. तासभर बसून एका लयीत फिरलेले पाय उभ्याने धावू लागताच विटांसारखे जड वाटतात. दहा-पंधरा मिनिटांनी ते सुटतात. ज्या स्त्रीला हे आधी ठाऊक नसते, ती आपली शक्ती संपली असे समजून थांबते. जिला गटातल्या दहाजणींनी सांगितलेले असते, ती हळू का होईना, पण धावत राहते. ज्ञान आणि धैर्य यांचा संबंध याहून स्पष्टपणे क्वचितच दिसतो. आपण ज्याला व्यक्तीचे धैर्य म्हणतो, त्यातील मोठा भाग असा इतरांकडून आलेला असतो.

या संदर्भात सॅली एडवर्ड्स यांचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. १९८० साली शंभर मैलांच्या वेस्टर्न स्टेट्स शर्यतीत त्या स्त्रियांत पहिल्या आल्या होत्या. पुढच्या वर्षी आयर्नमनमध्ये त्या स्त्रियांत दुसऱ्या आल्या. डॅन्स्किन मालिकेच्या प्रमुख प्रचारक झाल्यावर मात्र त्यांनी वेगळेच काम पत्करले. अनेक वर्षे, गावोगावच्या या स्पर्धांत, त्या मुद्दाम सर्वांच्या मागे राहून शेवटच्या क्रमांकाने येत. हेतू एवढाच, की नव्याने उतरणाऱ्या कोणत्याही स्त्रीला आपण शेवटच्या येऊ, ही धास्ती राहू नये. स्पर्धेचे तत्त्व न मोडता तिच्यातील अपमान काढून टाकण्याची ही युक्ती होती. वय झालेल्या, स्थूल शरीराच्या, स्तनांच्या कर्करोगावर उपचार घेऊन उठलेल्या स्त्रिया या स्पर्धांत उतरल्या, त्यामागे या शेवटच्या क्रमांकाचा मोठा वाटा आहे. शेवटची जागा कोणीतरी समर्थाने स्वीकारली, की दुर्बलाला पहिले पाऊल टाकता येते.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. कंपनीने मालिका चालवली ती कपडे खपावेत म्हणून. प्रवेशशुल्क, सायकल, शिरस्त्राण, थंड पाण्यासाठी रबरी वेटसूट, तलावाची वर्गणी हा खर्च सर्वांना झेपणारा नाही. अमेरिकेतील ट्रायथलॉन संघटनेच्या २००९ च्या पाहणीत या खेळातील लोकांचे सरासरी वार्षिक उत्पन्न लाख डॉलरच्या वर होते आणि त्यांत गोऱ्यांचे प्रमाण फार मोठे होते. याची मुळे केवळ आवडीनिवडीत नाहीत. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने कृष्णवर्णीयांना सार्वजनिक तलावांत प्रवेश द्यावा लागू नये म्हणून तलावच बंद केले, आणि १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते ग्राह्य ठरवले. ज्या आजीला तलावाचे दार बंद होते, तिच्या नातीला पाण्याची भीती वाटली तर तो स्वभावदोष म्हणता येईल काय? कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री या खेळात व्यावसायिक दर्जा मिळवू शकली ती २०२१ मध्ये. सिका हेन्री हे तिचे नाव. स्त्रियांचा गट भीती घालवू शकतो. बंद केलेला तलाव उघडणे त्याच्या एकट्याच्या आवाक्यातले नसते. त्यासाठी सार्वजनिक निर्णय लागतो.

आता आपल्याकडे वळू. गोव्यात २० ऑक्टोबर २०१९ रोजी अर्ध्या अंतराची आयर्नमन स्पर्धा झाली. आपल्या शहरांतून डॉक्टर, अभियंते, व्यावसायिक या खेळाकडे वळत आहेत. त्यांत स्त्रियाही आहेत. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण प्रश्न उरतो तो बाकीच्या स्त्रियांचा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती. अशी कामे करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. शिवाय मुळात ही कामे करणाऱ्या पुरुषांची संख्याच तुटपुंजी आहे. अर्थशास्त्रात दुर्मीळ साधनांच्या वाटपाची चर्चा असते. भारतीय स्त्रीजवळ सर्वांत दुर्मीळ साधन कोणते असेल, तर ते स्वतःच्या मर्जीचा एक तास. व्यायामाचा कोणताही उपक्रम या तासाचा हिशेब मांडल्याशिवाय सुरू झाला, तर तो ज्यांच्याकडे मोलकरीण आहे त्यांच्यापुरताच राहील. आणि त्या मोलकरणीला तो तास कोण देणार, हे विचारायचे राहून जाईल.

पण गरीब स्त्रीला अशा गोष्टींत रस नसतो, हे म्हणणे खोटे आहे. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेने सायकल शिकणे हा आपल्या कार्यक्रमाचाच भाग केला. शीला राणी चुंकत या तेथील जिल्हाधिकारी या उपक्रमाच्या पाठीशी होत्या. शेतमजूर, दगडखाणींत राबणाऱ्या, अंगणवाडी चालवणाऱ्या हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. शिकलेली दुसरीला शिकवीत असे. टिंगल झाली, पण शिकणाऱ्यांची संख्या एवढी होती, की टिंगल करणारेच एकाकी पडले. पुढच्या दांडीवर मूल बसवता येते, म्हणून कित्येकींनी पुरुषांची सायकलच पसंत केली. तेथे पदक नव्हते, प्रायोजक नव्हता. परंतु अमेरिकेतील गटांत जे तत्त्व दिसते तेच येथेही होते. एकटीला जे लाजिरवाणे वाटते, ते शंभरजणी मिळून करू लागल्या की रीत बनते.

या दोन उदाहरणांतून कार्यकर्त्यांनी काही व्यवहार्य निष्कर्ष काढावेत. नगरपालिकेच्या तलावात स्त्रियांसाठी राखीव वेळ आहे काय, आणि असल्यास ती नोकरदार व मजूर स्त्रीला सोयीची आहे काय, याची चौकशी करावी. पोहणे शिकवणाऱ्या स्त्रिया पगारावर नेमण्याची मागणी करावी. शाळेचे मैदान सुटीच्या सकाळी वस्तीतील स्त्रियांना खुले व्हावे. त्या वेळी मुले सांभाळण्याची पाळी घरातील पुरुषांनी घ्यावी. ही पाळी कार्यकर्त्यांच्या घरापासून सुरू व्हावी. जुन्या सायकली गोळा करून दुरुस्त करणे हे तर कोणतीही शाखा करू शकेल.

आणि गट सुरू झालाच, तर त्यात आधी एक गोष्ट ठरवून टाकावी. पहिली कोण येणार याची चिंता करणारे पुष्कळ असतात. शेवटी कोण येणार, हे ज्या गटाने आधी ठरवले आणि त्या जागी आपली सर्वांत समर्थ सहकारी उभी केली, त्याच गटात सर्वांत भित्री स्त्री पाण्यात उतरेल.