धातू, माती आणि पीक : वेळापूर येथील अध्यक्षीय भाषण

तांबे, जस्त आणि शिसे यांची धातुके बहुधा गंधकयुक्त असतात. ती भाजताना सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि धुराबरोबर शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांचे बारीक कण हवेत जातात. जड कण भट्टीच्या आसपास पडतात, हलके कण वाऱ्याच्या दिशेने दूरवर जातात. कीटकनाशक कालांतराने विघटित होऊ शकते, धातूचे तसे होत नाही. भट्टी बंद पडली तरी तो जमिनीत राहतो. झांबियातील काब्वे येथील खाण व भट्टी 1994 मध्ये बंद झाली, पण तेथील मातीत शिसे आजही आहे.

मातीत पडलेला धातू पिकात किती जाईल, हे मुख्यतः सामू (pH), चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब ठरवतात. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने तीत कॅडमियम व जस्त सहज विरघळतात. सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर परिसरासारखी चुनखडीयुक्त काळी माती त्यांना धरून ठेवते. अशा मातीत ऊस आणि डाळिंबाला झिंक सल्फेट द्यावे लागते, ते याच गुणामुळे. मात्र या संरक्षणाला मर्यादा आहेत. सल्फर डायऑक्साइडमुळे पडणारा आम्लयुक्त पाऊस चुना हळूहळू संपवतो, आणि आर्सेनिक तर विम्लधर्मी मातीतच अधिक सुटे होते.

पिकांचा स्वभावही वेगवेगळा असतो. शिसे बहुतांशी मुळांतच अडते. पानांवर सापडणारे शिसे पुष्कळदा बसलेल्या धुळीचे असते, म्हणून भाजी धुण्याने काही फरक पडतो; पण तीच धूळ कडब्यावर बसली तर थेट जनावराच्या पोटात जाते. कॅडमियम मात्र पानापर्यंत चढते. पालकासारख्या पालेभाज्या ते जास्त घेतात आणि धुण्याने ते निघत नाही. पालेभाज्यांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची कॅडमियमची मर्यादा किलोला 0.2 मिलिग्रॅम आहे.

जपानमध्ये तोयामा भागातील जिंझू नदीत कामिओका खाणीतले कॅडमियम उतरले आणि भातातून लोकांच्या शरीरात गेले. हाडे ठिसूळ करणाऱ्या इताई-इताई रोगाला तेथील सरकारने 1968 मध्ये प्रदूषणजन्य म्हणून मान्यता दिली. तेथील सुमारे 860 हेक्टर शेतजमिनीची माती सुधारण्याचे काम 1979 ते 2012 पर्यंत चालले.

भट्टीमुळे आसपासच्या शेतीचे काय होईल, हा प्रश्न महाराष्ट्रात रत्नागिरीत आधीच विचारला गेला. स्टरलाइट कंपनीच्या तांबे प्रकल्पाविरुद्ध हापूस बागायतदार आणि मच्छीमार उभे राहिले. 1993-94 च्या सुमारास बांधकाम थांबले आणि प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तेथे मे 2018 मध्ये आंदोलकांवरील गोळीबारात 13 जण मरण पावले आणि कारखाना बंद करण्यात आला.

सोलापूर जिल्ह्यात तांब्याची मोठी भट्टी नसली तरी विषय परका नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याचे काम छोट्या भट्टीतही होते. त्यासाठी आधी 2001 चे नियम होते, आता 2022 चे आहेत. अनधिकृत भट्टी त्यांना चुकवते. स्फुरदयुक्त खतांतून थोडे कॅडमियमही शेतात येते.

उपाय दोन प्रकारचे आहेत: धातू जागीच रोखणे किंवा पिकाकरवी तो मातीतून काढणे. आम्लधर्मी मातीत चुना, सर्वत्र कंपोस्ट, आणि शिशासाठी स्फुरद यांमुळे धातू जागच्या जागी बांधला जातो. वाळ्यासारखी खोल मुळांची गवते धूप रोखतात. मोहरीवर्गीय पिके धातू शोषतात, पण माती स्वच्छ व्हायला अनेक हंगाम लागतात आणि ते पीक चाऱ्याला वापरता येत नाही.

म्हणून तपासणी आधी हवी. 2015 पासूनच्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. त्यांत तांबे आणि जस्त आहेत, पण अन्नद्रव्य म्हणून. शिसे आणि कॅडमियम नाहीत. भट्टी, भंगार-बाजार आणि औद्योगिक वसाहतींलगतच्या शेतांसाठी या दोन घटकांची तपासणी जोडली जावी. कारखाना उभारण्यापूर्वीची नोंद असली, तरच पुढे मातीत काय वाढले हे सांगता येते.