मावळचा गुलाब आणि तळेगावचं प्रशिक्षण केंद्र

फेब्रुवारी जवळ आला की मावळातल्या पॉलिहाऊसमधून गुलाबाच्या पेट्या परदेशी निघतात. थंड हवा आणि जवळचा द्रुतगती मार्ग, एवढ्यावर हे घडलं नाही.

तळेगावला एमआयडीसीनं खास फुलशेतीसाठी उद्यान उभारलं. राज्याच्या कृषी पणन मंडळानं त्याच परिसरात डच तज्ज्ञांच्या साह्यानं प्रशिक्षण केंद्र काढलं. पॉलिहाऊसमधली आर्द्रता कशी राखायची, ठिबकमधून खत किती सोडायचं, कळी कोणत्या अवस्थेत तोडायची, तोडल्याबरोबर ती गारव्यात कशी न्यायची, हे तिथं शिकवलं जातं. माझ्या मते सरकारची खरी गुंतवणूक ती हीच. भूखंड एकाच्या नावे राहतो; शिकलेला माणूस मात्र पुढं स्वतःचं पॉलिहाऊस उभारतो, शेजाऱ्याला शिकवतो. पवन मावळात भात लावणारी घरं गुलाबाकडे वळली.

ज्ञानावरची अशी गुंतवणूक भातातही फळाला आली. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं १९८७मध्ये दिलेला इंद्रायणी तांदूळ आज मावळाची ओळख आहे.

गुलाबाच्या पॉलिहाऊसचा खर्च मात्र मोठा असतो. त्यासाठी फलोत्पादन अभियानातून अनुदान मिळू शकतं. तरुण शेतकऱ्यांनो, तालुका कृषी कार्यालयात जरूर चौकशी करा. पण आधी प्रशिक्षण घ्या, मगच कर्ज काढा.