बेत मोडतो, नेम मोडत नाही

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले निरूपण)

मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. पोथी अक्षर लावून लावून वाचतो. तेव्हा मोठा सिद्धान्त काही सांगणार नाही. एकच प्रश्न पुढं ठेवतो. आपण ठरवतो एक आणि होतं दुसरंच, तेव्हा वारकऱ्यानं काय करावं?

याचं उत्तर पंढरीत विटेवर उभं आहे. भक्त पुंडलिकाची कथा आपण सगळे ऐकत आलो. तो आईबापाचे पाय चेपत होता आणि देव दारात आला. तसं काही ठरलेलं नव्हतं. सेवा सोडावी तर आईबाप अंतरतात, न उठावं तर देव तिष्ठतो. पुंडलिकानं काय केलं? हाताशी वीट होती, ती पुढं सारली. म्हणाला, देवा, जरा थांब. चौरंग शोधायला गेला नाही का रडत बसला नाही. आणि देवाचा मोठेपणा बघा! भेटून जायचं म्हणून आला आणि तिथंच राहिला. माउली, ज्या देवानं आपला बेत बदलला, त्याच्या भक्तानं बेत बदलला म्हणून रुसावं का?

आता आपल्या डहाणू-तलासरीकडं बघा. आपल्याकडं आषाढ म्हणजे भाताची लावणी. राबात रोप तयार व्हायला आणि दिंडी निघायला एकच गाठ पडते. पाऊस काही दिंडीला विचारून येत नाही. तरी ही दिंडी शंभर वर्षं चालली ती कशी? एका घरचा माणूस पंढरीला निघाला, तर शेजारच्या चार घरांनी त्याच्या खाचरात रोप लावलं. पुढच्या साली दुसरा गेला. जो चालला तो वारकरी आणि ज्यानं मागं चिखलात उभं राहून लावणी केली तोही वारकरीच.

नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हादरू लागली. 1 फेब्रुवारी 2019 ला तर मोठा धक्का बसला. भिंतींना तडे गेले. थंडीच्या दिवसांत माणसं लेकरंबाळं घेऊन तंबूत, ताडपत्रीखाली झोपली. अशात भजन कुठं करायचं? मृदंग घरात आणि आत जायची कोणाची छाती होईना. एका पोरानं तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरला आणि अंगणात हरिपाठ झाला. हादरे काही त्यानं थांबले नाहीत. पण अंधारात माणूस माणसाला धरून बसला, पोरं निजली. त्या रात्रीची वीट म्हणजे तो डबा.

मग आलं 2020. करोनानं पायी वारी थांबली. देहू-आळंदीत प्रस्थान झालं, पण पादुका तिथंच मुक्कामाला राहिल्या. दशमीला, 30 जूनला, फुलांनी सजवलेल्या एसटीतून त्या पंढरीला निघाल्या. दुसऱ्या दिवशी एकादशी. एरवी महापूजेचा मान दर्शनबारीतल्या वारकरी जोडप्याला मिळतो. त्या साली बारीच नव्हती. मग मंदिरात वीणा घेऊन पहारा देणाऱ्या वारकऱ्याला आणि त्याच्या बायकोला तो मान दिला. म्हंजे परंपरा तुटू दिली नाही, तिला वाट काढून दिली.

आपल्या गावात काय झालं? म्हातारी माणसं रडली. "वारी चुकली, आता तोंड काय दाखवू?" म्हणाली. एक आजी तर रोज डोईवर तुळस घेऊन अंगणात फेऱ्या घालायची. कोणी हसलं, तर म्हणायची, "बाबा, पाय इथं असले तरी तोंड पंढरीकडं आहे." आम्ही बांधावर हरिपाठ म्हणत लावणी केली. 2021 लाही पादुका एसटीनंच गेल्या. 2022 ला वाट मोकळी झाली, तेव्हा चंद्रभागा बघून आजी बोलली नाही, नुसती पाण्यात उभी राहिली. पण तिच्या बरोबरीचे काही जण तोवर निघून गेले होते. त्यांची वारी अंगणातच पुरी झाली. ती देवानं मोजली नसेल, असं मला तरी वाटत नाही.

पण एक सांगतो, याची सवलत करू नका. पाय धड आहेत, वाट मोकळी आहे आणि घरीच बसून "माझी मनातल्या मनात वारी" असं म्हणू नका. तो आळस झाला. अडचण देवाकडून आली असेल तर युक्तीही तोच देतो, पण हात आपला हलवावा लागतो. पुंडलिकानं "देवाची इच्छा" म्हणून हात जोडून बसायचं ठरवलं असतं, तर वीट कोणी सारली असती?

तेव्हा तरुण पोरांनो, पुढची शंभर वर्षं तुमची. कधी रस्ता बदलेल, कधी मुक्कामाची जागा जाईल, कधी पाऊस वेळ चुकवेल. बेत खुशाल मोडू द्या. नाम, माळ आणि एकमेकांचा हात सोडू नका. आणि हाताशी जी वीट असेल ती पुढं करा. उभं राहायचं काम देवाचं आहे.

रामकृष्ण हरी!