पाळणा लांबवायची गोळी : भीती कुठली, काळजी कुठली



'माला-एन'चं पाकीट सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण घरोघरी जावं तर फळीवर अर्धवट संपलेली पाकिटं दिसतात. का सोडली? तर म्हणे, मळमळलं. मळमळ, डोकं जड होणं, स्तन दुखणं, मधेच थोडं रक्त जाणं हे काही बायांना होतं. दोन-तीन महिन्यांत ते बहुधा आपोआप थांबतं. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, त्रास कमी होतो. मधेच सोडली तर मात्र दिवस राहायला वेळ लागत नाही.

गोळीनं पिशवी सुकते, पुढं मूल होत नाही, असं सासवा सांगतात. ते खरं नव्हे. गोळी बंद केली की पुन्हा दिवस राहू शकतात. १९६० साली अमेरिकेत जी पहिली गोळी निघाली, तिच्यात हार्मोन आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. आजच्या पाकिटात २८ गोळ्या. २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या.

पण गोळी सर्वांसाठी नाही, हेही उघड सांगितलं पाहिजे. रक्तदाब वाढलेला, कावीळ किंवा हृदयाचा आजार, पूर्वी रक्ताची गुठळी झालेली, पस्तिशीपुढं विडी ओढणारी, सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पिणारं, अशा बाईनं ही गोळी घेऊ नये. अंगावर पाजणारीला 'छाया' गोळी चालते. तिच्यात हे हार्मोन नाही. म्हणून आधी रक्तदाब तपासून घ्या. शेजारणीच्या पाकिटातली गोळी उचलून सुरू करू नका.

आता कारभाऱ्यांनी नीट ऐकावं. क्वचितच, पण गोळीनं पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. एकाच पायाची पोटरी सुजली, ठणकू लागली, तर रानातल्या कामानं दुखत असेल म्हणून तेल चोळत बसू नका. छातीत कळ, धाप, असह्य डोकेदुखी, नजर अंधुक होणं, यांतलं काही झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी बाईला दवाखान्यात न्या. बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. डॉक्टरांना ती गोळी घेते हे सांगा. घरच्यांपासून चोरून घेत असली तरी सांगा.

एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या, पुढची नेहमीच्या वेळी. हार्मोनच्या दोन किंवा जास्त चुकल्या तर आठवताच एक घेऊन रोजचा क्रम चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. क्षयाच्या आणि फिटच्या काही औषधांनी गोळीचा गुण कमी होतो. ती चालू असतील तर नर्सबाईंना आधीच सांगा. तांबी बसवता येते.