'सिंहासन' : पुस्तकातले आणि पडद्यावरचे



कादंबरीवरचा चित्रपट पाहून आलेला मनुष्य प्रथम विचारतो, 'पुस्तकातले काय काय गाळले?' हा हिशेब मला अपुरा वाटतो. १९७९ साली जब्बार पटेल यांनी अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकाच चित्रपटात आणल्या. पटकथा विजय तेंडुलकरांची. एवढा ऐवज एका खेळात बसवावयाचा, तर गाळणे आलेच. जे उरले, त्यात कादंबरीचा जीव आहे काय, हे पाहावे.

अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री थंड डोक्याने डाव उलटवितो. श्रीराम लागूंचा अर्थमंत्री खुर्चीसाठी तळमळतो. दोघेही तोलामोलाचे. पण माझा कौल निळू फुल्यांना. खलनायक म्हणून गाजलेला हा नट येथे पत्रकार दिगू होऊन नुसता पाहत राहतो. लेखकाला मनातले लिहून सांगता येते. नटाजवळ चेहराच असतो. अखेर दिगू भ्रमिष्टासारखा हसत सुटतो, तेव्हा सारे जाणून गप्प राहण्याची किंमत कळते.

साखर कारखान्यांच्या या तालुक्यात राजकारण चवीने चघळणारे आपणही थोडेबहुत दिगूच. ते हसू ऐकून आपण अस्वस्थ झालो, तर चित्रपट कादंबरीला जागला, असे मी म्हणेन.