अंथरुणाला खिळलेलं माणूस आणि घरचा हिशेब
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका परिचारिकाताईंनी केलेले भाषण)

मैत्रिणींनो, अंतर्गत कर्जाच्या अर्जावर आपण कारण लिहितो, ‘दवाखाना’. त्यातला एक खर्च बऱ्याचदा टाळता येतो, त्याबद्दल बोलते. लकवा झालेलं किंवा खुबा मोडलेलं माणूस एकाच अंगावर पडून राहिलं की माकडहाड, खुबा, टाचा इथल्या कातडीला रक्त पोचत नाही. आधी डाग, मग फोड, मग खड्डा, कधीकधी पार हाडापर्यंत. यालाच बेडसोर म्हणतात.

ड्रेसिंगचे रोज 200 धरा आणि सोबत बसणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी 300. दोन महिन्यांत 30 हजार! खोल जखम तेवढ्यात भरेलच असंही नाही. योजनेत ऑपरेशन फुकट झालं तरी ही मजुरी कुठल्याच बिलात येत नाही, आणि ती बहुतेक सुनेचीच असते. ब्रिटनमध्ये 2012 साली असा हिशेब प्रसिद्ध झाला. पहिल्या पायरीच्या जखमेला सरासरी 1,214 पौंड, चौथ्या पायरीच्या जखमेला 14,108. जवळजवळ बारा पट.

टाळायला काय लागतं? मुख्य म्हणजे माणसाचे हात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढायचं नाही, चादरीला धरून दोघींनी उचलायचं. पोटरीखाली उशी, म्हणजे टाच अधांतरी राहते. कपडा ओला झाला की लगेच बदला. खाता येत असेल तर डाळ, अंडं द्या. वॉर्डात एका सिस्टरकडे कितीतरी पेशंट असतात, म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, “सिस्टर, यांना कुठल्या कुशीवर वळवायचं?” हाडाचं ऑपरेशन असेल तर विचारल्याशिवाय वळवूच नका.

डागावर बोट दाबून बघा. फिका पडत नसेल तर त्याच दिवशी दाखवा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथं हात लावून बघायचं, जागा गरम किंवा कडक लागते का. आणि तेल चोळू नका. आपल्याकडे लगेच बाटली निघते, पण चोळल्यानं आतली कातडी जास्त दुखावते.

हवेची गादी दोन-तीन हजारांपासून मिळते. ती असली तरी कूस बदलावीच लागते. पण एका घराची गरज संपली की ती माळ्यावर पडून राहते. म्हणून ग्रामसंघानं एक गादी घेऊन ठेवावी असं मला वाटतं. ठेवायची कोणाकडे, भाडं किती, मोटर बिघडली तर पैसे कशातून, हे पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घ्या.